पोचतो की पोचतोच

कोपरगावच्या एका कॉलेजात गणित शिकवणाऱ्या भारती सदाफुले यांच्या वर्गाला एक जगावेगळा नियम होता. तास चालू असताना बाहेर जायचं तर खुशाल जा, पण जाताना ‘आलोच, बाई’ म्हणायचं नाही. ‘येतो’ म्हणा, ‘येत नाही’ म्हणा, वाटलं तर काहीच म्हणू नका. कुणी चुकून ‘आलोच’ म्हणून गेला की बाईंचा खडू फळ्यावर थबकायचा, डोळे दाराला लागायचे, आणि तो पोरगा पाणी पिऊन, मिशीवरून हात फिरवत परत येईपर्यंत गणित जिथल्या तिथं उभं राहायचं. पोरांच्या हातात आयतंच कोलीत मिळालं. त्यांनी बाईंचं नाव ‘आलोचबाई’ ठेवलं, आणि तास कंटाळवाणा झाला की एखादा मुद्दाम तो शब्द टाकून बाहेर सटकायचा.

बाई म्हणायचं ते कॉलेजापुरतं. तिशीही न गाठलेल्या मुलीला आपण नुसतं भारती म्हणू. तर भारती भित्री होती, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. कुलूप लावलं की ओढून बघायची, चार पावलं जाऊन परत येऊन ओढून बघायची. स्टोव्ह विझवला तरी त्याच्यावर तळहात धरून उभी राहायची. दिवाळीत पहिला फटाका वाजला की आतल्या खोलीत जाऊन कानांत बोटं घालून बसायची. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या, एवढी शिकलेली बाई आणि लवंगी फटाक्याला भिते म्हणून. तिची आई कलाबाई मात्र कधी हसली नाही. भीती कुठून आली, ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात जामखेडच्या पलीकडं, खर्ड्याच्या अंगाला, गावोगाव विहिरी खोदायची कामं निघाली होती. पाणी नव्हतं म्हणून विहिरी, आणि विहिरींना पाणी लागत नव्हतं म्हणून आणखी खोल विहिरी. भारतीचा बाप सहादू खडकात सुरुंग ठासायच्या कामावर होता, कलाबाई पाटीनं दगड वाहायची. आठ वर्षांची भारती विहिरीच्या अलीकडच्या बांधावर बसून दोघांची वाट बघायची. त्या दिवशी बत्त्या लावून माणसं लांब पळाली आणि नेहमीप्रमाणं आवाज मोजत बसली. एक आवाज कमी आला.

कारभारी नावाचा मुकादम म्हणाला, “दोन आवाज एकात गेलं आसत्याल. उडालेच समज, सहादू.”

सहादूला ते पटलं नसावं, कारण तो जरा वेळ तसाच उभा राहिला. पण मुकादमाच्या शब्दावर किती वेळ उभं राहणार? त्यानं विझलेली बिडी कानावर ठेवली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, “हितंच बस. आलोच,” म्हणाला आणि खाली उतरला. राहिलेला सुरुंग तो तळाशी गेल्यावर उडाला.

माणसं धावली, बायकांनी हंबरडा फोडला, सहादूला वर काढून धोतरात झाकून बैलगाडीनं गावात नेलं. ते सगळं भारतीच्या समोरून गेलं. ती मात्र बांधावरून उठली नाही. जो येईल त्याला एकच सांगत होती, “आबा आलोच म्हन्लाय. हितंच बस म्हन्लाय.” शेवटी कलाबाईनं आपलं रडणं गिळून तिला उचललं. पोरगी हातपाय झाडत होती आणि मागं विहिरीकडं बघत होती.

पुढचं सगळं कलाबाईच्या हाडांच्या जोरावर झालं. ती साखर कारखान्यांच्या ऊसतोडीवर गेली, लोकांच्या शेतात राबली आणि लेकीला नगरच्या मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात ठेवून शिकवलं. तिथल्या कॉलेजात विष्णुपंत निसळ नावाचे प्राध्यापक गणित शिकवायचे. शिकवताना इंग्रजी पुस्तक बाजूला ठेवून मराठीत बोलायचे, आणि गणित कळलं नाही असं म्हणणाऱ्यावर रागवायच्या ऐवजी खूश व्हायचे. एम.एस्सी. झाल्यावर भारतीनं त्यांच्याचकडं पीएच.डी.साठी नाव घातलं. विषय होता संस्थितीय गटांचे जनक.

नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, घाबरायला भारती समर्थ होती. गोष्ट साधी आहे. एखादं चाक थोडं फिरवलं, मग आणखी थोडं फिरवलं, की दोन्ही मिळून तिसरंच फिरवणं तयार होतं. फिरवलेलं उलटं फिरवून जागेवरही येता येतं. अशा एकमेकांत मिसळणाऱ्या गोष्टींच्या कुटुंबाला गणितात गट म्हणतात. त्यात कोण कुणाच्या किती जवळ आहे हेही ठरवलं की झाला संस्थितीय गट. आता या अफाट कुटुंबातले असे मूठभर निवडायचे, की त्यांनाच पुन्हा पुन्हा एकत्र करून बाकी सगळ्यांपर्यंत जाता यावं. त्या मूठभरांना जनक म्हणायचं.

भारतीला हे ऐकताक्षणी आवडलं होतं, आणि त्याचं कारणही भीतीच होतं. जगात भरवशाच्या गोष्टी थोड्या असतात हे ती जाणून होती. त्या थोड्यांच्या आधारानं सगळीकडं जाता येतं, असं सांगणारं शास्त्र तिला पहिल्यांदाच भेटलं होतं. इतरांना त्या विषयात डोकेदुखी दिसायची, तिला हात धरायला कठडा दिसायचा.

सरांनी तिला पहिल्याच महिन्यात एक फरक समजावला होता. म्हणाले, “भारती, खळं बघितलंयस ना? मधल्या खांबाला, तिवड्याला, बांधलेला बैल गोल फिरतोय. त्याचं पाऊल असं आहे, की खळ्याच्या घेराला ते कधीच बरोबर भागत नाही. कितीही वेढे मारले, तरी पाऊल पहिल्या ठशावर नेमकं पडेल का?”

“न्हाई, सर.” घाईत तिच्या तोंडून गावाकडचं यायचं.

“नाही पडणार. पण त्या घेरावरची कुठलीही जागा दाखव. तिच्या वीतभर जवळ, बोटभर जवळ, केसभर जवळ तो कधी ना कधी पाऊल टाकणारच. आता, त्या एका पावलानं बैल सगळीकडं पोचतो, असं म्हणायचं का? म्हणू नये. नेमका ठिपका राहूनच जाईल. पोचतो म्हणजे जाऊन उभा राहतो. हा नुसता पोचतोच. आपण म्हणत नाही का, ‘आलोच’? आलोच म्हणजे आलो नव्हे.”

भारतीची पेन्सिल थांबली होती. सरांना त्याचं कारण माहीत नव्हतं. तेव्हापासून गुरुशिष्यांत बोलीच ठरून गेली. जनक अचूक नेत असतील तर ‘पोचतो’, नुसते हवं तितकं जवळ नेत असतील तर ‘पोचतोच’. आपल्या भाषेतला हा ‘च’ मोठा लबाड. कधी छातीठोक खात्री देतो, कधी हुलकावणी देऊन निघून जातो.

त्र्याण्णव साल उजाडलं तसा एक नवाच धाक मागं लागला. भारतीची नेमणूक तात्पुरती होती. सरकारचा नियम आला, की त्या डिसेंबरअखेर ज्यांचा पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात जमा होईल त्यांना पात्रता परीक्षेतून सूट. कॉलेजनं स्पष्ट सांगितलं, पावती आणलीत तर जागा तुमची, नाहीतर जानेवारीत जाहिरात. कोपरगावचं दोन खोल्यांचं घर, कलाबाईचं म्हातारपणी सावलीत बसणं, सगळं त्या एका पावतीला लटकलं होतं. भारतीनं वर्षभर मान वर केली नाही. नाताळच्या सुट्टीत नगरच्या टंकलेखकाकडून प्रबंध उतरवून घेतला, बांधून घेतला आणि सोमवारी सकाळी सरांच्या घरी जाऊन त्यांची सही घेतली. शुक्रवार शेवटचा. हाताशी चार दिवस होते, तरी ती त्याच दुपारी पुण्याला निघाली, कारण शेवटच्या दिवशी एसटी बंद पडते हे तिनं गृहीतच धरलं होतं.

कलाबाई बरोबर होती. नगरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, दोघी बसल्या, प्रबंधांचं गाठोडं भारतीच्या मांडीवर. तेवढ्यात कलाबाई उठली. “बाटलीत पानी न्हाई. भरून आनते. आलेच,” म्हणाली आणि उतरली.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. भारतीनं खिडकीतून बघितलं, नळापाशी गर्दी, आई दिसेना. “थांबवा!” ती ओरडली ते तिचं तिलाही ओळखू आलं नाही. “माझी आई राहिली!”

“अहो बाई, येतील त्या, बसा की. फलाटावरूनच मागं घेतोय गाडी,” कंडक्टर म्हणत होता. ऐकतंय कोण! चालत्या गाडीतून ती गाठोड्यासकट खाली उतरली, ठेचकाळली, माणसांना धक्के देत नळाकडं धावली. कलाबाई रांगेत निवांत उभी होती. तिचा नंबर पुढचाच होता.

“कुठं होतीस तू? गाडी सुटली!”

“आगं, आलेच म्हन्ले हुते की.”

भारतीचा तोल गेला. भर स्टँडवर, शंभर माणसांदेखत ती आईवर किंचाळली, “आलेच म्हणजे आली नव्हे! कितीही जवळ आली तरी आली नव्हे! कळतं का तुला?”

आणि आपलेच शब्द तिनं ऐकले. तोंड तसंच उघडं राहिलं. हातातलं गाठोडं एकदम जड झालं, कारण त्याच्यातलं तिसरं प्रकरण तिच्या डोळ्यांसमोर उघडलं होतं.

तिसऱ्या प्रकरणात तिनं एका परदेशी लेखातलं प्रमेय आधाराला घेतलं होतं. जनक ‘पोचतात’ म्हणायला इंग्रजीत शब्द एकच, तिच्या प्रबंधात आणि त्या लेखात तोच. त्या इंग्रजी शब्दाला ‘च’ कुठून असणार? तिच्या पहिल्या प्रकरणात त्या शब्दाचा अर्थ ठरवलेला होता ‘पोचतोच’. परदेशी लेखात तो होता ‘पोचतो’. तिचे जनक नुसते जवळ जाणारे होते, आणि तिनं पुढची सगळी इमारत, चौथ्या प्रकरणासकट, ते नेमके जाऊन उभे राहतात असं धरून रचली होती. ‘आलोच’ म्हणणाऱ्या पोरासाठी तास थांबवणारी बाई, आणि तिनंच ‘आलोच’ला ‘आलो’ समजावं!

पुण्याची गाडी निघून गेली. लेकीच्या चेहऱ्याचा हा रंग कलाबाईनं याआधी एकदाच बघितला होता. तिनं बाटली तिच्या तोंडाला लावली आणि गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं.

निसळ सर जेवून पडले होते. त्यांच्या पत्नी शोभाताईंनी दार उघडलं, दोघींकडं बघून आधी पाणी आणलं. भारतीनं तिसरं प्रकरण उघडून ती ओळ दाखवली. सर वाचत राहिले, पान उलटलं, परत मागं आले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती. भारतीला कळलं की सरही घाबरलेत, आणि त्यानं तिला जास्तच भीती वाटली.

“माझी सही आहे याच्यावर,” सर म्हणाले. “मी चारदा वाचलंय. चारदा!” मग त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघ, परीक्षक दोघं. एक मद्रासचे, एक दिल्लीचे. पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचतील, मधलं चाळतील. मला दिसलं नाही ते त्यांना काय दिसणार? शुक्रवार गेला तर तुझी नोकरी जाईल. जमा करून टाक. मागाहून एखादा लेख लिहून दुरुस्त करू.”

“आणि दिसलं तर, सर?”

“दिसलं तर मला नावं ठेवतील. माझी नोकरीची दोनच वर्षं राहिलीत.” तुझं काय होईल, ते मात्र त्यांनी उच्चारलं नाही.

उच्चारायची गरज नव्हती. भारतीला ते पाठ होतं. दुसऱ्या कुणाची चूक निघाली की लोक चूक वाचतात, आपली निघाली की आडनाव वाचतात. एका तिच्या ‘च’साठी वसतिगृहातल्या तिच्यामागच्या सगळ्या मुलींना ऐकून घ्यावं लागलं असतं. पण या भीतीच्याही तळाशी दुसरी भीती होती, आणि ती जुनी होती. कुणालाच दिसलं नाही तर? प्रबंध कपाटात जाईल, ‘सिद्ध झालं’ असा शिक्का बसेल. दहा वर्षांनी कुणी पोरगी तो उघडेल, भारती सदाफुलेनं लिहिलंय म्हणून भरवसा ठेवेल, आणि आत उतरेल.

“सर,” ती म्हणाली. “माझा बाप ‘उडालेच समज’ या शब्दावर विहिरीत उतरला. एक सुरुंग राहिला होता. ज्यानं सांगितलं तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही वाटलं, जवळजवळ सगळे म्हणजे सगळेच.”

कलाबाई उंबऱ्याशी बसली होती, तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. इतक्या वर्षांत सरांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा घातला, उठून मेजावरचं सगळं बाजूला सारलं आणि प्रबंधाची शिवण स्वतःच्या हातानं उसवली.

“पहिल्या पानापासून,” ते म्हणाले. “जिथं जिथं तो शब्द येईल तिथं मी थांबणार, तू सांगायचं. पोचतो की पोचतोच?”

असं ते काम चाललं. सर इंग्रजी वाक्य वाचायचे, त्या शब्दापाशी बोट ठेवून वर बघायचे. भारती उत्तर द्यायची. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आता आणखी एक निघतोय की काय. दुसऱ्या प्रकरणात एक निघाला, पण तो निभावला, तिथं खरंच नेमकं पोचत होतं. तिसऱ्याचं विधान लहान करावं लागलं. ‘सगळ्यांपर्यंत पोचतो’ असं जिथं ठणकावून लिहिलं होतं तिथं ‘हवं तितकं जवळ जातो’ एवढंच उरलं. चौथं प्रकरण तर अख्खं काढावं लागलं. दोन वर्षांची मेहनत शोभाताईंनी रद्दीत टाकू दिली नाही, फडक्यात बांधून फळीवर ठेवली.

“बारीक झाला गं,” सर उरलेली पानं हातात तोलून म्हणाले. “परीक्षक म्हणतील, एवढ्यावर डॉक्टर करायचं का? नाहीसुद्धा म्हणतील.”

“म्हणू द्यात. खोटा नाही म्हणणार.”

टंकलेखक हातापाया पडल्यावर तयार झाला, बांधणीवाल्यानं गुरुवारी संध्याकाळी गाठोडं हातात दिलं. त्याचा डिंक अजून ओला होता. सरांनी दुसऱ्यांदा सही केली. या वेळी पेन टेकवण्याआधी ते जरा थांबले आणि सही करताना नाव पूर्ण लिहिलं.

शुक्रवारी पहिल्या गाडीनं मायलेकी निघाल्या. सुपं मागं पडलं, शिरूर आलं, गाडी कुठंच बंद पडली नाही. यानं भारतीची भीती वाढतच गेली, कारण काहीतरी बिघडायचं राहिलं होतं. विद्यापीठात खिडकीपुढं रांग. तिच्यासारखेच जीव मुठीत धरून आलेले कुठून कुठून. दुपार टळून गेल्यावर तिचा नंबर लागला. कारकुनानं प्रबंध घेतले, चाळले, घड्याळ बघितलं.

“साहेबांची सही लागते पावतीवर. ते वर मीटिंगला बसलेत. थांबा, आलोच,” म्हणाला, आणि गाठोडं काखेत मारून आतल्या दारानं निघून गेला.

भारतीनं खिडकीची कड घट्ट धरली. आत रिकामी खुर्ची, तिच्यावर त्याचा मफलर. मागचे लोक कुरकुरले. शिपाई एकेक दार लावत चालला होता. जिन्यावर पावलं वाजायची, जवळ यायची आणि दुसरीकडं वळायची. ती हलली नाही. डोळे त्या आतल्या दारावर. आठ वर्षांची पोरगी बांधावर बसली होती तशी, अगदी तशीच.

भिंतीशी बसलेली कलाबाई उठून तिच्याजवळ आली. तिच्या पाठीवर हात ठेवला.

“त्या दिशी मी तुला उचलून आनलं,” ती हळू म्हणाली. “तू येत नव्हतीस. लई लाथा झाडल्यास मला.”

भारतीनं मान वळवली नाही.

“आज न्हाई उचलत. किती बी येळ लागू दी. थांबू आपन.”

शिपायानं शेजारची खिडकी लावली. मग या खिडकीकडं बघितलं, दोघींकडं बघितलं आणि काय वाटलं कोण जाणे, पुढं निघून गेला. बाहेर उन्हं उतरली होती. आतल्या दाराची कडी वाजली.

“आलो, आलो!” कारकून धापा टाकत खुर्चीवर बसला. “तीन जिने चढवले साहेबांनी. ही घ्या बाई पावती. आजचीच तारीख आहे, बघून घ्या.”

भारतीनं पावती घेतली, पण ती तिला वाचता येईना. डोळ्यांतून पाणी नुसतं वाहत होतं, आणि तोंडातून हुंदका असा फुटला की रांगेतली माणसं पुढं सरकली. कारकून बिचारा गडबडून उभाच राहिला.

“अहो, रडता कशाला? जमा झालाय तुमचा प्रबंध! मी म्हटलं होतं ना, आलोच म्हणून?”

“रडू द्या तिला, सायेब,” कलाबाई म्हणाली. “आलोच म्हनून गेल्यालं मानूस आज आलंय.”